जावयाच्या मानाची बाटली

पैठण दरवाजा, औरंगाबाद
बहमन महिना, सन १३५५ फसली (इंग्रजी डिसेंबर १९४५)

ती. काकासाहेब दाजी यांच्या चरणी मेहुणा नाना याचा, खाटेवर पडल्या पडल्या जेवढं वाकता येईल तेवढं वाकून, नमस्कार.

आपली प्रकृती कशी आहे? हा प्रश्न मी दर पत्रात विचारतो आणि उत्तराची वाट न बघता पुढं लिहीत सुटतो, हे आपल्याला ठाऊक आहे. या खेपेला मात्र जीव मुठीत धरून विचारतो आहे. डोकं दुखतंय का? पोटात कळ येते का? मळमळ? धाप लागल्यासारखा श्वास? आणि मुख्य म्हणजे समोर उभी असलेली आमची आक्का आपल्याला स्वच्छ दिसते आहे का? तिच्याभोवती धुकं किंवा पिंजलेल्या कापसासारखं काही भासत असेल, तर पत्र हातातून टाकून पहिली मोटार धरा आणि इथल्या सरकारी दवाखान्यात या. (आक्का दिसत नाही यात सुख मानून घरी बसू नका.) (आणि डोळ्यांपुढं धुकं असलेला माणूस हे पत्र वाचणार कसा, हे मला लिहून झाल्यावर सुचलं. असो. मास्तराचं डोकं असंच चालतं.)

तर, मी धाडलेली अर्काची बाटली. तिला हात लावू नका. आज सकाळच्या मोटारीनं पुंजारामला आपल्याकडं पिशोरला पिटाळलं आहे, दिसेल तिथं बाटली फोड असं सांगून. तो परत येईपर्यंत माझ्या जिवाला थारा नाही, म्हणून कागद पुढं ओढला. पुंजाराम बाटली फोडेल, पण का फोडली हे त्याला सांगता येणार नाही. ते मलाच सांगितलं पाहिजे, आणि सांगताना लाज वाटते म्हणून जरा लांबून येतो.

गेल्या दसऱ्याला मी आपल्याला तुळशीपुढं उभं करून दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. आपण नको नको म्हणत होतात, पण मी मद्यपान निषेध मंडळाचा चिटणीस. सख्खे दाजी मोहाची पितात हे कळल्यावर मंडळात माझं तोंड कसं दिसलं असतं? मंडळात आम्ही सगळे जन्मात थेंब न चाखलेले. पिऊन सोडलेला असा एकटा पुंजाराम, त्याला आम्ही दर सभेत मंचावर उभा करतो. शपथ घेताना आपला चेहरा इतका केविलवाणा झाला होता की मला परतीच्या वाटेवर राहवेना. दाजींची हौस काढून घेतली, बदल्यात काहीतरी द्यायला हवं. थंडीत ऊब देणारं, अंगात तरतरी आणणारं, पण पूर्ण निर्व्यसनी.

बिडकीनच्या एका वैद्यांनी अर्क सांगितला. आलं, दालचिनी, लवंग, मनुका, अश्वगंधा, आणि हे सगळं मुरवायला पहिल्या धारेची. इथं माझं घोडं अडलं. चिटणीस कलालाच्या दुकानात उभा राहिला तर गुलमंडीपर्यंत बोभाटा झाला असता! मग मला एक युक्ती सुचली. (दाजी, मला युक्ती सुचली की यापुढं माझे हात बांधत चला.) दाऊदमियांच्या रंगाच्या दुकानात कपाटांच्या पॉलिशसाठी स्पिरिट मिळतं. त्याला दारूसारखाच वास येतो, दारूसारखंच ते हातावर गार लागतं, पण त्यावर आबकारी नाही. मी विचार केला, ज्या सरकारला ताडाच्या झाडातसुद्धा दारू दिसते, त्या सरकारला जे दारू वाटत नाही ते मला कशाला वाटावं? आजवर कुणी बेवडा रंगाच्या दुकानात जाताना पाहिला आहे? म्हणजे ही दारू नव्हेच, हे दारूचं निष्पाप भावंड! दाऊदमियांनी विचारलं, काय काम आहे. मी म्हणालो, कपाट. ते म्हणाले, "ले जाओ मास्टरसाब, ऐसी चमक आएगी के मूँ देख लेव."

अर्क मुरला, गाळला, रंग असा उतरला की मीच खूश. दोन बाटल्या भरल्या. आता आपल्या घरची रीत आपल्याला ठाऊकच आहे. आंब्याची पहिली पाटी, गुऱ्हाळावरचा पहिला गूळ, नवं काहीही झालं की पहिला मान जावयाचा. मी स्वतः चमचाभरही न चाखता पहिली बाटली लाल कापडात बांधून पिशोरला धाडली. आधी मीच चाखला असता तर निदान रीतभात मोडल्याचं पापच तेवढं लागलं असतं.

दुसरी बाटली पाच दिवसांपूर्वी उघडली. दौलताबादेत मंडळाची सभा होती, थंडी मी म्हणत होती, म्हणून निघताना कपभर घेतला. दाजी, भाषण असं झालं की विचारू नका. मी दारूच्या दुष्परिणामांवर बोलत होतो आणि बोलता बोलता एका बाजूला कलत होतो. लोकांना वाटलं मास्तर नक्कल करून दाखवतात. टाळ्याच टाळ्या. पुढच्या रांगेतला एक म्हातारा तेवढा म्हणाला, "लई बारकाईनं अभ्यास केलाय मास्तरनं." मी हात जोडून त्याचे आभार मानले.

घरी येऊन गाढ झोपलो. यातच सगळी मेख आहे. हे स्पिरिट साप चावावा तसं लगेच कळत नाही. सकाळी जरा डोकं जड, पोटात ढवळाढवळ, मी म्हटलं दौलताबादचं पाणी बाधलं. शाळेत गेलो. दुपारच्या तासाला फळ्यावर लिहायला वळलो तर फळा पांढरा. मी पोरांवर ओरडलो, वर्गात खडूची धूळ कुणी उडवली? पोरं म्हणाली धूळ कुठंय सर? मग पोरंही पांढरी झाली. भिंत, खिडकी, माझा स्वतःचा हात, सगळं धुक्यात गेलं. धाप लागली. दाजी, तेव्हा मी फार घाबरलो. बायकोचा, आवडाचा चेहरा सकाळी मी नीट पाहिलाही नव्हता, वर्तमानपत्र वाचत बसलो होतो, एवढंच मनात येत राहिलं.

दवाखान्यात डॉक्टर मोहियोद्दीन होते. नुकतेच लढाईवरून परतलेले. त्यांनी दिवा डोळ्यांवर धरला, श्वास मोजला आणि विचारलं, "मास्टरसाब, क्या पिया आपने?" मी त्या अवस्थेत त्यांना मंडळाची उद्दिष्टं सांगितली. ते तिसऱ्या उद्दिष्टापर्यंत थांबले. मग आवडाच म्हणाली, "अर्क पिले जी ह्यांनी. स्वतःच केला हुता." आणि तिनं पदराखालून बाटली काढून पुढं धरली. डॉक्टरांनी वास घेतला आणि त्यांचा चेहरा बदलला. (मला दिसला नाही, पण आवाजावरून कळलं.) लढाईत दारूवाचून कोरडं पडल्यावर मशिनीचं स्पिरिट प्यालेले सोल्जर त्यांनी पाहिले होते. काहींचे डोळे गेले, काही सकाळी उठलेच नाहीत.

उपाय काय, तर खाण्याचा सोडा, डोळ्यांवर पट्टी, आणि चांगली ब्रँडी!

मी उठून बसलो. डॉक्टरांनी समजावलं ते असं. आपलं यकृत म्हणजे तहसील कचेरीतला कारकून आहे. ओळखीचा माणूस आला की आधी त्याचं काम. पॉलिशचं स्पिरिट त्याच्या हाती लागलं की तो बसून त्याचं विष बनवतो. पण चांगली दारू त्याच्या ओळखीची. ती समोर बसवून ठेवली की पॉलिश बाहेर बाकावर ताटकळतं आणि काम न होता लघवीच्या वाटेनं निघून जातं. मात्र हे मोजून आणि डॉक्टरांच्या नजरेखालीच. घरच्या घरी बाटली तोंडाला लावली तर औषध बाजूला आणि विषाला जोडीदार. (हे मी आपल्याला उद्देशून लिहितो आहे. पुन्हा वाचा.)

मी म्हणालो, प्राण गेला तरी घेणार नाही, मी चिटणीस आहे. आवडा म्हणाली, "मंडळ घाला चुलीत. मला डोळ्यांचा नवरा पायजे. प्या गुमान." डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन छावणीतून ब्रँडी आणायला गेला कोण? पुंजाराम. मंडळात योग्य दुकान त्या एकट्यालाच ठाऊक. त्यानं बाटली हात लांब करून, सील न मोडता, रडत रडत आणली. मग ज्यांनी जन्मात थेंब घेतला नाही ते डॉक्टर मोजून ओतत होते, ज्यानं जन्मात थेंब घेतला नाही असा मी पीत होतो, आणि ज्याला तिची खरी कदर तो पुंजाराम दाराबाहेर भिंतीकडं तोंड करून उभा होता.

काल संध्याकाळी पट्टी सुटली. आवडा दिसली. मी तिच्याकडं इतका वेळ पाहत राहिलो की ती म्हणाली, "उतरली न्हाई वाटतं अजून." डाव्या डोळ्यात अजून एक डाग तरंगतो, तो जाईल न जाईल. पण तिला पाहून झाल्याबरोबर मला आपली बाटली आठवली आणि अंगातली सगळी ब्रँडी एकदम उतरली.

आक्काला नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

आपला (अजून असाल या आशेवर)
नाना

ता. क. दिवेलागण झाली. पुंजाराम नाही. आपण गेलात तर आक्काला मी तोंड कसं दाखवू? शपथ मी घातली, बाटली मी दिली.

ता. क. दुसरा. पुंजाराम आला! बाटली देवघरात लाल कापडात तशीच होती म्हणे, वर हळदकुंकू; ती त्यानं अंगणात नेऊन फोडली. आक्का त्याला म्हणाली, "आरं, ह्यांनी त्याला बोट बी लावलं न्हाई. म्हणले, नानाचं औषध, जपून ठिवा. आन् मोहाची पेत्यात रोज, कडब्याच्या गंजीमागं बसून. मला काय वास येत न्हाई व्हय?" दाजी, तुळशीपुढं घेतलेली शपथ आपण मोडलीत. पहिल्या दिवसापासून मोडलीत. देव आपलं भलं करो.

ता. क. शेवटचा. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आणलेल्या ब्रँडीतली बरीच उरली आहे. आवडा ती घरात ठेवू देत नाही आणि पुंजाराम ब्रँडीच्या धास्तीनं फाटकाबाहेरूनच निरोप सांगून गेला. तेव्हा संक्रांतीला मी ती घेऊन येतो. शेवटी पहिला मान जावयाचा. गंजीमागं जाऊ नका, माझ्यासमोर ओसरीवर बसून घ्या, थोडीशीच. मी ताकाचा गडू घेऊन समोर बसेन. मला आपल्याला नीट बघायचं आहे.