उत्तर सांगायचं नाही

बाई,

तुम्हाला जाऊन फार वर्षं झाली. तुम्ही गेल्याचं कळलं तेव्हा मी भाकरी थापत होते, आणि थापतच राहिले. डोळ्यांत पाणी कसं आलं नाही, याचं माझं मलाच नवल वाटलं. परवा आक्का येऊन गेली. आक्का म्हणजे आमच्या तात्यांची थोरली, माझी चुलत बहीण, सातवीला तुमच्याच हाताखाली शिकलेली. ती परत गावी गेल्यापासून तुमच्याशी एक भांडण राहून गेलंय असं सारखं वाटतंय, म्हणून लिहायला बसले.

बहात्तरच्या दुष्काळातलं ते वर्ष. तेरणेच्या पात्रात पाय भाजत होते. आक्का माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, पण धाकट्या भावंडांना सांभाळण्यात तिची शाळा बुडाली आणि ती माझ्या वर्गात येऊन बसली. सकाळी शाळा, मग आईबरोबर तलावाच्या दुष्काळी कामावर माती टाकायला. तिथं खायला वाटलेलं सुकडीचं पीठ पदरात बांधून संध्याकाळी परत. तात्यांनी सगळ्यांदेखत सांगितलं होतं, "सातवी पास झाली तर तेरच्या शाळेत आठवीत घालतो. न्हाय झाली तर उन्हाळ्यात उजवून टाकतो." तात्या शब्दाचे पक्के, असं तेव्हा गाव म्हणायचं. तुम्ही मला आक्काच्या शेजारी बसवलंत आणि बजावलंत, "हिचा गृहपाठ तू करून घ्यायचा. उत्तर सांगायचं नाही, विचारायचं. आणि हात मांडीखाली." दुसऱ्याच्या पाटीकडे माझा हात आपोआप जायचा, ही खोड तुम्ही बरोबर ओळखली होती. मी फटकळ होते आणि हुशारीची मिजासही होती. गप्प बसणं म्हणजे मला शिक्षाच.

संध्याकाळी तात्यांच्या ओट्यावर आम्ही बसतोय. तुमच्या खोलीचं दार त्याच अंगणात उघडतं. गणित हौदाचं आहे. एक नळ सहा तासांत हौद भरतो, दुसरा तीन तासांत, दोन्ही सोडले तर किती वेळात भरेल? आक्का आधी हसते. "हौद भरायलेत मेले! हितं घागर भरंना." मग म्हणते, नऊ. माझ्या जिभेवर उत्तर आलेलं असतं. मी हात आणखी आत दाबते आणि विचारते, "आपण दोघी मिळून पाणी भरलं तर जास्त वेळ लागतो का गं?" ती जांभया देते. बोटं खड्यांनी सोललेली. "एवढं एक सांग की. लई झोप यायलीय मला." मी सांगत नाही. ती पाटी पुसते आणि हळूच म्हणते, "न्हाय की. दोघींनी लवकर व्हतंय. म्हंजी तिनापेक्षा कमीच." पुढं तिनंच तासाला किती भरतो ते काढलं आणि दोनावर आली. उठून अंगणात उभी राहिली, कुणीतरी हाक मारल्यासारखी. तुम्ही दारातून बघत होतात. बाई, तुम्हाला हसताना मी तेव्हा बघितलं.

आक्का पास झाली. गणितात तिला माझ्याहून जास्त पडले, आणि मला त्याचा राग आला नाही, एवढी मी तिच्यात गुंतले होते. आणि त्याच आठवड्यात येरमाळ्याकडचं स्थळ आलं. त्यांच्या विहिरीला पाणी होतं. तात्या म्हणाले, "पाण्याचं घर हाय. आठवी शिकून काय तिथनं पाणी निघनारंय?" शब्दाचे पक्के तात्या!

आक्का मला घेऊन तुमच्या खोलीत आली. तुम्ही निवडायला तांदूळ घेतले होते. तिनं विचारलं, "बाई, म्या काय करू? आईच्या मामाकडं जळकोटला पळून जाऊ का? तुमी सांगाल तसं करते." तुम्ही सुपातून मान वर केली नाही. निवडता निवडताच म्हणालात, "तुला काय वाटतं?"

वर्गात हाच प्रश्न तुम्ही विचारायचात तेव्हा आमच्या अंगात बळ यायचं. त्या दिवशी आक्काच्या अंगात ते आलं नाही. मग "बरं बाई," म्हणाली आणि निघून गेली. पंधरवड्यात लग्न झालं. तुम्ही मांडवात अक्षता टाकायला होतात, मी बघितलं.

तुमची अडचण मला कळत नाही असं नाही. खोली तात्यांची, आणि रोजची पाण्याची घागरही त्यांच्याच घरातून. एकटी बाई, परगावची. तात्यांविरुद्ध ब्र काढला असता तर त्या वर्षी गावात तुम्हाला पाणी कुणी दिलं असतं? हे सगळं मी स्वतःला कितीदा तरी समजावलंय. मीही पुढं शिक्षिका झाले. पोरांना मांडीखाली हात ठेवून बसवलं, एकमेकांना विचारायला शिकवलं, आणि तुमचंच देणं म्हणून शिकवलं. पण एकदा एक मुलगी असाच प्रश्न घेऊन आली तेव्हा मी तिला सरळ सांगितलं, "नाही म्हण. तू लग्न करू नकोस." तिच्या घरी जाऊन भांडलेसुद्धा. बापानं ऐकलं नाही, लग्न झालंच. तरी निघताना ती माझ्या गळ्यात पडून रडली. आक्काला तेवढंही मिळालं नाही, बाई. तिच्या बाजूनं एक माणूस तरी बोललं, असं तिला म्हणता आलं नाही.

परवा हे सगळं मी आक्कापुढं काढलं. ती आता थकलीय, डोळ्यांना कमी दिसतंय. आयुष्य सासरच्या उसात गेलं तिचं. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अगं, बाईला उत्तर ठावंच न्हवतं. सुपातलं तांदूळ सांडायलते खाली. म्हून म्या परत इचारलं न्हाय. त्यांनला कशाला अवघडात टाकायचं?" चौदा-पंधरा वर्षांची पोर, बाई, आणि तुम्हाला सांभाळून घेऊन गेली. मी तिथंच होते. मला सांडलेले तांदूळ दिसले नाहीत.

जाताना म्हणाली, "सोडून दे आता. माझ्या मनात कायबी न्हाय." मी व्हय म्हटलं.

हे पत्र टाकायचं कुठं? लिहून झालं की चुलीतच जाईल. पण आक्काला जे सांगितलं नाही, ते तुम्हाला सांगते. तिच्या मनात काही नाही. माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. आणि ते गेलं, तर तुमच्याशी बोलायला मला काही उरणार नाही, याची भीती वाटते.