आधी आपण बसायचं

सर,

गेल्या आठवड्यात नोएडातल्या एका ऑफिसातून मला फोन आला. पलीकडचा माणूस मेटाकुटीला आलेला. "मॅडम, आपकी बच्ची मेरी कुर्सी पर बैठ गई है. उठ ही नहीं रही." पुढचं मी नीट ऐकलंच नाही, कारण मला एकदम ओल्या वेताचा वास आला. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तुमच्या त्या खोलीत शाळेने आता कॉम्प्युटर मांडलेत, तरी तो वास काही माझ्या नाकातून जात नाही. म्हणून आज रविवारी, मयूर विहारच्या माझ्या फ्लॅटमध्ये चहाचा कप शेजारी ठेवून तुम्हाला लिहायला बसले आहे. पोचवायला पत्ता नाही, हे ठाऊक आहे मला.

दिल्लीतल्या आमच्या अंधशाळेत तुम्ही वेताच्या खुर्च्या विणायला शिकवायचात. तुम्हाला स्वतःलाही आमच्यासारखंच जन्मापासून दिसत नव्हतं. बाकीच्या मुलांना तुम्ही हिंदीत रागवायचात. वर्गात मराठी घरातली मी एकटी, त्यामुळे माझ्या वाट्याचा ओरडा अस्सल नागपुरी यायचा. "काय करून राहिली तू? खुर्ची विणतेस का मच्छरदाणी?" बादलीत भिजत घातलेल्या वेताच्या पट्ट्या, त्यांनी कापलेली बोटं आणि तुमचा तो आवाज, तिन्हींचा मला मनस्वी कंटाळा होता. एकदा मी सांगूनही टाकलं की आयुष्यभर मी खुर्च्या विणणार नाही, मी ऑफिसात काम करणार. मला वाटलं, आता भडकतील. तुम्ही पट्टी ओढत ओढतच म्हणालात, "नको विणू. मी कुठं म्हणतो विण म्हणून? पण जे काम करशील ते झालं की आधी स्वतः त्याच्यावर बस. बसून पाहिल्याशिवाय खुर्ची झाली असं म्हणायचं नाही." हा तुमचा नियमच होता. विणलेली खुर्ची गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी विणणाऱ्याने तिच्यात बसायचं, पाय जमिनीवरून उचलून, सगळं वजन टाकून. मी भीत भीत टेकले तर म्हणायचात, "अर्धी बसशील तर खुर्चीही अर्धंच खरं सांगेल."

कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या अतिथिगृहात आपण खुर्च्या दुरुस्त करायला गेलो होतो, तो दिवस आठवतो? माझे बाबा तिथल्या स्वयंपाकघरात कामाला होते. पंधरा-सोळा वर्षांची मी, तुमच्या खांद्यावर हात ठेवून व्हरांड्यातून चालते आहे आणि आतून फोडणीचा वास येतो आहे, आणि मला कळतं आहे की बाबा दारात येऊन उभे आहेत आणि पुढे येत नाहीत. लेक इथे येऊन सगळ्यांसमोर जमिनीवर बसून काम करणार, याची त्यांना लाज वाटत होती. घरी आईला तसं ते म्हणालेही होते, मी ऐकलं होतं. दुपारपर्यंत माझी खुर्ची झाली. मी उठले, नियमाप्रमाणे तिच्यात बसले, पाय उचलले, आणि तेवढ्यात बुटांचा आवाज आला. कुणीतरी मोठे अधिकारी असावेत. "अरे, ये लड़की मेरी कुर्सी पर कैसे बैठी है?" मी ताडकन उठणार, तर तुमचा हात माझ्या खांद्यावर. तुम्ही अगदी शांतपणे म्हणालात, "साहब, बैठी नहीं है, आपकी कुर्सी जाँच रही है. ये गिरे तो चलेगा, आप नहीं गिरने चाहिए." मग ते साहेब हसले, आणि म्हणाले, "ठीक है, जाँच लो." थोड्या वेळाने बाबा चहा घेऊन आले. आम्हाला नेहमी स्टाफच्या काचेच्या ग्लासात चहा मिळायचा. त्या दिवशी माझ्या हातात कपबशी आली, पाहुण्यांची, पातळ काठाची. मला इतका आनंद झाला की मी तो चहा गार होईपर्यंत नुसता धरून बसले.

तर सर, मी म्हटल्याप्रमाणे खुर्च्या विणल्या नाहीत. बरीच वर्षं ऑफिसात काढली आणि आता नोएडातल्या एका शाळेत अकरावी-बारावीच्या मुलांचा नोकरीच्या तयारीचा वर्ग घेते. निम्मी मुलं न दिसणारी, निम्मी न ऐकू येणारी, सगळी एका टेबलाभोवती. तुम्हाला मजा वाटली असती. मला बोलवायचं तर आवाज करायचा, त्यांना बोलवायचं तर टेबलावर थाप मारायची, म्हणजे हादरा पोचतो. मेट्रोने एकट्याने कसं जायचं, मुलाखतीत काय सांगायचं, मदत हवी तर नेमकी कोणती हवी हे कसं मागायचं, ईमेल कशी लिहायची, असं सगळं शिकवते. मुलं पटापट शिकतात. अडतं ते पुढे. कंपन्या आमच्याशी फार चांगलं वागतात आणि तिथेच घोडं पेंड खातं. गेलं की पुष्पगुच्छ, केक, फोटो, टाळ्या, आणि मग दिवसभर सोफ्यावर बसवून ठेवतात. पाहुण्याला कुणी काम सांगतं का?

आमच्या वर्गात बारावीची एक मुलगी आहे. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. आई-वडील पुण्याचे, दोघंही आयटीत. तिला ऑनलाइन दुकानाच्या एका कंपनीत सरावासाठी घेतलं होतं. तिथल्या लोकांचं काम असं, की वस्तूचा फोटो आणि खालची माहिती जुळते का ते तपासायचं आणि मगच ती विक्रीला लावायची. काम पसंत पडलं तर परीक्षेनंतर तिला तिथेच नोकरी मिळणार होती, आणि ती तिला मनापासून हवी होती. पहिल्या काही दिवसांनंतर ती वर्गात आली ती टेबलावर जोरात थाप मारूनच. ती फोनवर लिहिते आणि माझा फोन मला वाचून दाखवतो. मी बोलते ते तिच्या फोनवर उमटतं, असं आमचं चालतं. फोन सगळं एकाच सुरात वाचतो, रागसुद्धा. "मैम, ये सब पहले से हो चुका है. मैंने वेबसाइट पर देखा. मुझे खिलौना दिया है." कंपनीने तिला आधीच तपासून झालेल्या जुन्या याद्या दिल्या होत्या, पोरीचं मन रमावं म्हणून. कुणी काही बघणारच नसेल तर पसंत काय पडणार? ती म्हणाली, मी उद्यापासून जाणार नाही.

तिच्या आईला फोन केला तर तिचं वेगळंच. "अहो मॅडम, ठीक आहे ना यार. लोक बिल्कुल चांगले आहेत, एसी आहे, कँटीन आहे. नुसतं बसू दे तिला. उगाच काही चुकलं, कुणी बोललं, तर तिला झेपणार आहे का?" मला राग आला, पण मी तो गिळला, कारण दारात उभे राहिलेले माझे बाबा मला आठवले. मुलीला मात्र मी तुमची गोष्ट सांगितली. अतिथिगृह, खुर्ची, उचललेले पाय, सगळं. म्हटलं, जाऊन मॅनेजरकडे खरं काम माग.

तिने मागितलं नाही. तिने गोष्ट शब्दशः घेतली. टीमचा प्रमुख चहाला गेला, त्याचा कॉम्प्युटर उघडाच होता, ही बाई जाऊन त्याच्या खुर्चीत बसली आणि त्या दिवसाची खरी यादी तपासायला लागली. तो परत आला, हातवारे केले, ही उठेना. मग मला फोन. मी विचारलं, "बैठकर कर क्या रही है?" तो म्हणाला, "काम कर रही है." आणि मग थांबला. त्याचं त्यालाच ते ऐकू आलं असावं. मी म्हटलं, "उठा दीजिए, बिल्कुल उठाइए. लेकिन उठाने से पहले काम देख लीजिए."

त्याने काम बघितलं, आणि मग तिला उठवलं आणि चांगलं फैलावर घेतलं. दुसऱ्याच्या लॉगिनवर बसायचं नाही, पुन्हा असं केलंस तर सराव बंद, हे सगळं तिला लिहून दिलं. बरोबरच केलं त्याने. पण दुसऱ्या दिवशी तिला स्वतःचं लॉगिन मिळालं आणि खरी यादीही मिळाली. आणि शुक्रवारी ती पळत वर्गात आली, माझा हात धरून फोनवर ठेवला. तिला आलेली ईमेल तिने मला पाठवली होती, दोन ओळींची. "बच्चों के जूते बड़ों में डाल दिए हैं. ध्यान कहाँ है? दोबारा करो." फोनने ते एकसुरात वाचलं आणि ती माझा हात हलवत राहिली, हसते आहे हे तिच्या बोटांतून मला कळत होतं. संध्याकाळी आईचा फोन, आवाज रडवेला. "मॅडम, त्यांनी तिला ओरडलं हो! आणि ती वेडी घरभर नाचतेय. तिने ती ईमेल तिच्या बाबांना पण पाठवली." मी म्हटलं, "अहो, पाहुण्याला कुणी ओरडत नाही." मग ती हळूच म्हणाली, "अच्छा... मग सोमवारी तिला मेट्रोने एकटीलाच जाऊ देऊ का?"

नोकरीचं परीक्षेनंतर कळेल. मिळेल, सर. मला खात्री आहे. ही नाही तर दुसरी मिळेल, कारण बसायचं कसं ते आता तिला समजलं आहे.

मला मात्र तुमच्यामागे मराठीतून ओरडणारं कुणी उरलेलं नाही. सगळे मॅडम म्हणतात आणि मी लिहिलेलं सगळं छान म्हणतात. लिहिलेलं प्रत्येक पान मी फोनकडून परत वाचून घेते, चुका काढते, मगच पुढे पाठवते. तुमचा नियम इतकी वर्षं मी मोडलेला नाही. हे पत्र मात्र मी परत ऐकलेलं नाही, आणि ऐकणारही नाही. चुका असणारच. असू देत. काय करून राहिली तू, असं तुम्ही एकदा म्हणावं, एवढ्यासाठी या एका खुर्चीत मी बसून पाहिलेलं नाही.