पार्किंगकडे बघून निवडलेली शाखा

३ जानेवारी
आज ठरलं. मी कुठल्याही शाखेचा स्पेशालिस्ट होईन, पण वेळेवर घरी येणारा होईन. हिला मार्चअखेरची तारीख दिलीय. बाळाला त्याचा बाबा दिवसाउजेडी दिसला पाहिजे, असं हिचं म्हणणं. माझंही. पीजीची प्रवेशपरीक्षा आठ मार्चला. आधी शाखा ठरवायची, मग अभ्यास. भलत्याच शाखेचा अभ्यास करून बसलो तर? ही म्हणाली, परीक्षा सगळ्यांना एकच असते ना. ती बँकेत आहे. तिला यातलं कळत नाही.

६ जानेवारी
सीनियरना विचारण्यात अर्थ नाही. जो तो म्हणतो, मरमर फक्त आमच्याच विभागात. माणसं खोटं बोलतात, गाड्या बोलत नाहीत. माझी इंटर्नशिप चालू आहे त्या हॉस्पिटलच्या ड्रेसिंग रूमच्या खिडकीतून डॉक्टरांचं पार्किंग दिसतं. कुणाची गाडी कधी येते, कधी जाते, एवढं बघायचं. हे आजवर कुणालाच कसं सुचलं नाही?
अभ्यास: उद्यापासून.

१९ जानेवारी
निरीक्षण जोरात.
हाडांचे सर: काळी जीप. रविवारीसुद्धा. बाद.
भूल देणारे सर: गाडी कधीच नसते! हुरळून गेलो. मग कळलं, ते मोटरसायकलवर चार हॉस्पिटलं फिरतात. बाद.
बाळंतपणाच्या बाई: हिरवी, खटारा. मी येतो तेव्हा असते, जातो तेव्हाही असते. टपावर झाडाची पानं साचलीत. बिचाऱ्या. अशी शाखा शत्रूलाही नको.
त्वचेच्या मॅडम: पांढरी गाडी. सकाळी येते, जेवायच्या वेळेला जाते. रोज! बरोबरच आहे. हाड मोडलं तर धावावं लागतं. खाज उद्यापर्यंत थांबते.
त्वचा. फायनल.

२० जानेवारी
हिला बातमी दिली. खूश झाली. मग विचारलं, त्वचेला रँक फार वरची लागते ना? म्हटलं, आवड असली की रँक येते.
सासऱ्यांनी सेकंडहँड गाडी घेतलीय, करडी. या वयात चालवायला शिकताहेत. बघायला बोलावत होते. म्हटलं, सवड नाही, सध्या गाड्यांच्याच मागे आहे.
अभ्यास: सोमवारपासून. आठवड्याच्या मध्येच सुरू केलं की टिकत नाही.

४ फेब्रुवारी
मॅडमना जाऊन भेटलो. फ्लेक्सिबल वेळेचं हळूच विचारलं. गाडी दुपारी त्यांचा नवरा घेऊन जातो. मॅडम पेशंट संपले की बसने जातात. पेशंट कधी संपतात ते त्यांना सांगता आलं नाही. त्वचाविभागात एवढा रस घेणारा पहिलाच मुलगा म्हणून माझ्यावर मात्र भलत्याच खूश. रोज संध्याकाळी ओपीडीत येऊन बस म्हणाल्या. तोंडावर नाही कसं म्हणणार?

२० फेब्रुवारी
घरी यायला रोज उशीर. तात्पुरतं आहे. वेळेवर घरी येण्यासाठीच उशीर होतोय, हे हिला समजावून सांगितलं. तिने विचारलं, लवचिक वेळ म्हणजे नक्की वाकतं कोण, वेळ की माणूस? विषय बदलला. या दिवसांत वाद नको.
अभ्यास: एकोणीसपैकी चार विषय झाले. पंधरा राहिले आणि दिवस सोळा. म्हणजे एक दिवस उलट शिल्लकच.

८ मार्च
पेपर सोपा असावा. आजूबाजूचे सगळे भराभर क्लिक करत होते.

२१ मार्च, दुपार
दुसरी पसंती म्हणून एखादी शाखा हाताशी असावी. पुन्हा खिडकीत. मन एकाग्र व्हावं म्हणून फोन सायलेंट.
आज एक अजब नमुना बघितला. करडी गाडी 'बाहेर'च्या गेटमधून आत. ऊन मी म्हणतंय आणि वायपर चालू. दोन डॉक्टरांच्या जागा अडवून आडवी लावली. म्हातारा दार उघडं टाकून आत पळाला. असल्यांना लायसन्स देतं कोण? मनसोक्त हसलो.

२१ मार्च, संध्याकाळ
म्हातारा म्हणजे माझे सासरे. मागच्या सीटवर ही होती. तारखेच्या आधीच कळा सुरू झाल्या. मला सतरा फोन केले होते.
सिस्टर शोधत आल्या तेव्हाही मी खिडकीतच. धावत खाली पोचलो तोवर मुलगी झालेली. गुटगुटीत आहे. ही बरी आहे. बाळाच्या गळ्याभोवती नाळ होती. बाळंतपणाच्या बाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. पण उशीर झाला नाही, कारण बाई हॉस्पिटलमध्येच होत्या. त्या हॉस्पिटलमध्येच असतात. मी नुसताच रडलो.
नंतर पार्किंगमध्ये गेलो. सासऱ्यांच्या गाडीचं दार लावलं, वायपर बंद केला. हिरव्या गाडीच्या टपावरची पानं सगळी झाडून काढली. जरा बरं वाटलं.

१८ एप्रिल
निकाल. माझी रँक म्हणजे फोन नंबरच. त्वचा सोडाच, कुठलीच शाखा मिळणार नाही. सासरे म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. त्यांची ड्रायव्हिंगची टेस्टही पुढे गेलीय.
तोवर कॅज्युअल्टीत मेडिकल ऑफिसरची जागा मिळाली. ऑफिसातल्या क्लार्कना ड्यूटीची वेळ विचारली. म्हणाले, एकदम फ्लेक्सिबल. कधीही बोलावतो.

२ मे, सकाळ
सलग दोन ड्यूट्या करून आत्ता घरी आलो. ऊन खोलीभर आलंय. मुलगी टक्क जागी. हिने तिला माझ्या हातात दिलं, म्हणाली, वाकलास ना शेवटी, आणि डोक्यावरून चादर ओढून झोपली. मुलगी माझ्याकडे बराच वेळ बघत होती. चला, बाबा दिवसाउजेडी दिसला एकदाचा.
पुढच्या परीक्षेचं टाइमटेबल कालच केलंय. अभ्यास: मुलगी झोपली की.
ती झोपत नाही.