नव्या अटी मला मंजूर नाहीत

१९ सप्टेंबर, सकाळ
'झाविचाय'कडून मेल. आमच्या वाल्येवो भागातल्या लोकांची ही साइट. गावचे फोटो, जुनी गाणी, म्हाताऱ्यांचे आवाज. मेल म्हणतो, वापराच्या अटी बदलल्या आहेत. इथून पुढे तिथले आवाज कंपनी हवे तिथे वापरणार. एक ऑक्टोबरनंतर साइट वापरलीत, तर हे तुम्हाला मान्य आहे असं धरलं जाईल.

असं धरलं जाईल! मला कुणी विचारलं? मी तरुणपणी बेलग्रेडला कायद्याची दोन वर्षं केली आहेत. तिसरं वर्ष प्रकृतीला मानवलं नाही. पण सही नाही तर बंधन नाही, एवढं पहिल्या वर्षातच कळतं.

आईचा आवाज तिथेच आहे. एकच रेकॉर्डिंग. मूळ फोन गेल्या वर्षी कोबी खारवायच्या पिंपात पडला. (डेसांका म्हणते, पडला नाही, तू पाडलास. बायकोशी वाद नको.)

दुपार
अंगणात ढोबळ्या मिरच्या भाजणं चालू आहे. डेसांका म्हणाली, कायदा नंतर सोल, आधी मिरच्या सोल. अटी तीनदा वाचल्या. शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या. त्या लाल शाईने वेगळ्या काढल्या.

२२ सप्टेंबर
ग्राझहून रुझिच्काचा फोन. म्हणाली, बाबा, आधी आजीचं रेकॉर्डिंग उतरवून घे, मग खुशाल भांड. पोरगी हुशार आहे, पण ऑस्ट्रियात राहून तिचा कणा मऊ झालाय. आधीच सामान बांधायचं म्हणजे हार कबूल करणं. आधी हरकत, मग डाउनलोड. क्रम महत्त्वाचा.

संकल्प: २९ पर्यंत हरकतीचा मसुदा. ३० ला शांतपणे डाउनलोड.

२९ सप्टेंबर
मसुदा सहा पानी झाला. रोमन कायद्यापासून सुरुवात केली आहे. अजून मुद्द्यावर यायचंय.

३० सप्टेंबर
मिलुतिन आला. माझा कूम. लग्नात माझ्या बाजूने उभा राहिलेला साक्षीदार, त्यामुळे त्याला दारातून परत पाठवता येत नाही. यंदाची आलुबुखाराची राकिया, घरी गाळलेली दारू, घेऊन आला होता. चाखून मत दे म्हणाला. मत एका पेल्यात बनत नाही.

१ ऑक्टोबर, उशिरा सकाळ
डोकं ठणकतंय. डाउनलोड राहिलं. दोष मिलुतिनचा.

दुपार
साइट उघडली. फक्त चालू आहे का ते पाहायला. हे वापरणं नव्हे. दुकानाच्या काचेतून आत बघणारा गिऱ्हाईक होत नाही.

५ ऑक्टोबर
आता कोंडी अशी. डाउनलोड केलं तर वापर झाला. वापर झाला तर अटी मान्य. म्हणजे उद्या आई कुठल्यातरी दह्याची जाहिरात करणार. हरकत नोंदवायचा रकाना आहे, पण लॉग इन केल्यावर. म्हणजे 'मला मान्य नाही' हे सांगायला आधी मान्य करायचं! डेसांकाला हे समजावून सांगितलं. ती कोबी चिरत होती. म्हणाली, ३१ ला स्लावा आहे, तेवढं ध्यानात ठेव.

ध्यानात आहे. सेंट लूक आमच्या घराण्याचा संत, स्लावा हा त्याचा सण. आई गेल्यापासून दर स्लावाला, पाव कापायच्या आधी, तिचं रेकॉर्डिंग लावतो. त्यात ती कणीक मळता मळता घरातल्या गेलेल्यांची नावं घेते. पणजोबांपासून, ओळीने. तोंडपाठ होती तिला. कागदावर कधी उतरली नाहीत. शेवटी मला ओरडते, तिहोमीर, बंद कर ते आता, ये जेवायला. त्यावर दरवर्षी सगळे हसतात. मी हसत नाही. मला मेणबत्तीकडे बघावं लागतं.

तोवर कंपनी शरण येईल.

८ ऑक्टोबर
मिलुतिनची सून झोरिका वकील आहे. तिला सहज म्हणून विचारलं. तिचं म्हणणं असं. अटी साइटच्या तळाशी बारीक अक्षरांत गुपचूप बदलल्या असत्या, तर त्या तुम्हाला लागू आहेत हे सिद्ध करणं कंपनीला जड गेलं असतं. पण त्यांनी आधी कळवलं, मुदत दिली, आणि नंतरही तुम्ही साइट वापरलीत, तर तुमची बाजू लंगडी. सगळं अडतं एका गोष्टीवर. तुम्हाला बदल माहीत होता का? बहुतेक लोक खरंच वाचत नाहीत, म्हणाली, तेवढ्यावर वाचतात.

मी म्हणालो, मी तीनदा वाचलं. शुद्धलेखनाच्या चुकांची यादीही त्यांना मेल केली.

तिने हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, तिहोमीरकाका, अख्ख्या सर्बियात हे वाचलंय असं लेखी देणारे तुम्ही एकटेच असाल. त्यापेक्षा रेकॉर्डिंग उतरवून घ्या आणि गप्प बसा.

नवीन वकिलांना लढायची खुमखुमीच नाही.

१० ऑक्टोबर
जेवताना डेसांकाने एक अडाणी मुद्दा काढला. म्हणाली, सही नाही तर बंधन नाही ना? मग स्लावाला कोण कुणाला आमंत्रण देतं? एकदा आलेला दरवर्षी येतो, आणि आपण दार उघडतो. तू सेंट लूककडे कधी सही केलीस? मी म्हणालो, ती प्रथा आहे, हा करार आहे. म्हणाली, मग प्रथेला चाळीस माणसांची सार्मा लागते, कोबीच्या पानांत भरायला खिमा घेऊन ये.

गेलो. पण मुद्दा चुकीचाच आहे.

१३ ऑक्टोबर
सुचलं! काट्याने काटा. त्यांच्याच भाषेत त्यांना मेल केला: 'मी माझ्या अटी बदलल्या आहेत. सात दिवसांत जुन्या अटी परत लागू करा. न केल्यास आपला करार संपला, असं धरलं जाईल.' असं धरलं जाईल! हे ठळक अक्षरांत टाकलं. मिलुतिनला फोनवर वाचून दाखवलं. म्हणाला, लेका, तू मंत्री व्हायला हवा होतास. आता घाम फुटेल त्यांना.

२० ऑक्टोबर
उत्तर नाही. घाबरलेत.

२१ ऑक्टोबर
उत्तर आलं. 'आदरणीय ग्राहक, आपली विनंती मान्य केली आहे. करार संपला. आपलं खातं व त्यातील सर्व मजकूर काढून टाकला आहे. आमच्यासोबत राहिल्याबद्दल आभार.'

आज जास्त लिहिणार नाही.

२२ ऑक्टोबर
डेसांकाला सांगितलं नाही. तांत्रिक अडचण आहे, असं सांगितलं. तीन मेल, पाच फोन. फोनवर गाणं वाजतं.

२४ ऑक्टोबर
नोवी साडला बसने गेलो. डेसांकाला दातांच्या डॉक्टरकडे जातो म्हणालो. कंपनीच्या पत्त्यावर केस कापायचं दुकान. तिथली बाई म्हणाली, कंपनीची फक्त टपालपेटी आहे इथे, लोक येतात अधूनमधून. एक म्हातारा तर रडला होता. मग माझ्याकडे बघून म्हणाली, बसा काका, कॉफी टाकते.

मी रडत नव्हतो. बाहेर वारा होता.

बाई म्हणाली, परत मागायचा अर्ज साइटवरच असतो. त्याला खातं लागतं. तिच्या खुर्चीत बसून नवं खातं उघडलं. 'नव्या अटी मला मान्य आहेत' वर टिचकी मारली. जाहिराती पाठवा, मान्य. आवाज वापरा, मान्य. भागीदार कंपन्या, मान्य, मान्य. वाचलं काहीच नाही. अर्ज भरला. घ्या, दह्याला लावा, तेलाला लावा, कुठेतरी ऐकू तर येईल.

२९ ऑक्टोबर
उत्तर. 'काढून टाकलेला मजकूर परत मिळत नाही. पाहा: अटी.' पाहिल्या. कलम अकरा. माझ्या लाल यादीतलंच. त्यातला चुकलेला शब्द मी दुरुस्त केला होता, आणि त्यांनी माझी दुरुस्ती जशीच्या तशी घेतली आहे.

रात्री जेवताना डेसांकाला सांगितलं. ती ओरडेल असं वाटलं होतं. ओरडली नाही. ताट उचलून आत गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

३१ ऑक्टोबर
स्लावा. न बोलावता सगळे आले. यजमानाने बसायचं नसतं, म्हणून मी उभा. मेणबत्ती लावली. पाव हातात घेतला. सगळे माझ्या फोनकडे बघायला लागले. मी म्हणालो, यंदा नावं मीच घेतो. पणजोबा वुकोसाव. त्यांची बायको... पुढे कलम अकरा आठवलं, कलम चार, कलम सातही पोटकलमांसकट आठवलं. नाव आठवेना. इतकी वर्षं ऐकतोय की! ऐकताना मेणबत्तीकडे बघत होतो.

डेसांका म्हणाली, सगळ्या गेलेल्यांसाठी. आणि पाव कापला. सार्मा छान झाली होती, असं लोक म्हणाले.

१ नोव्हेंबर
सकाळी मिलुतिन आला. गेल्या वर्षीच्या स्लावाचा व्हिडिओ त्याच्या फोनमध्ये सापडला. म्हणाला, बघ, मागे तुझी आई ऐकू येतेय.

तिघांनी मिळून पाहिला. मागे आई आहे खरी. पण पुढे मी उभा, हातात पेला, आणि आवाज सगळा माझा. नावं चालू असताना मी मिलुतिनला समजावतोय की साइटवर ठेवलेली वस्तू कायद्याने कशी कायम सुरक्षित असते. एकही नाव कळत नाही. डेसांकाने आवाज वाढवला. मीच वाढलो.

शेवटी एकदाचा मी घोट घ्यायला थांबतो. तेवढ्यात आई म्हणते, तिहोमीर, बंद कर ते आता, ये जेवायला.

कुणी हसलं नाही. डेसांकाने कालची सार्मा गरम करायला ठेवली आहे. दोनदा हाक मारून झाली तिची. जातो.