माणसं किती

मामाजी,

तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की तुम्ही गेलात तेव्हा जेवढे होतात त्याहून मी आता मोठी आहे. म्हणून आज जरा तोंड वर करून बोलते, रागावू नका. अकोल्यात असते मी, लेकाच्या घरी. परवा खानेसुमारीवाला दारात आला होता. पोरगेलासाच, पण ऐट केवढी! सून आतून म्हणाली, "दोन माणसं हाय." तो म्हणाला, "बाई, पुरुष सांगा, बायका सांगा, कुशीतलं लेकरूही सांगा." मी बाजेवर बसले होते, तर माझ्याकडे बोट करून त्याने मलाही लिहून घेतलं. तो गेला आणि मला रडू फुटलं. सून घाबरली, म्हणाली, "काहून रडून राहिल्या आत्याबाई, काही दुखून राहिलं काय?" काय सांगणार तिला? दुपारी दौत मागवली आणि बसले. मी अजून मोडीच लिहिते, तुम्ही शिकवलेली. नातू शाळेत बाळबोध शिकतो, माझं लिहिणं पाहून म्हणतो, आजी, हे मुंग्यांनी लिवलं काय! चांगलंच आहे. वाचायला कुणी नसलं की हात मोकळा चालतो.

मी सून होऊन तुमच्या घरी आले तेव्हा सोळा वर्षांची होते. बार्शीटाकळीकडची पोर, डोळ्याला सवय सपाट काळ्या रानाची. उभं राहिलं की चारी बाजूंना दूरवर दिसायचं, मधे आडवं काही नाही. आणि तुमचं गाव? बाप्पा! बैलगाडी घाटाच्या पायथ्याशीच सोडावी लागली. पुढे चालत, मी डोक्यावर पदर धरून, घामाने ओली. वर पोचलो तर तांबडी मुरमाड जमीन, जिकडेतिकडे दगड, आणि डोंगराच्या खांद्यावर टेकलेलं एवढंसं गाव. तुम्हाला मात्र त्याचा कोण अभिमान. ओट्यावर बसून मला दाराआडून ऐकू येईल अशा आवाजात सांगायचात: दक्षिणेला उतरलं की वऱ्हाड, उत्तरेला ओढा, ओढ्याच्या पल्याड निमाड, आणि दोहोंच्या मधे सातपुड्यात चढाउतारायची ही एक खिंड, तिच्या तोंडाशी आपण. मधे पेठ, पेठेमागे पिंजाऱ्यांची घरं, वरच्या अंगाला गवळी, आणि नाल्याकाठी कोरकूंची वस्ती, ज्याला ढाणा म्हणतात. पेठेत वऱ्हाडी, पिंजाऱ्यांच्या गल्लीत उर्दू, ढाण्यात कोरकू, आणि बाजाराच्या दिवशी सगळ्यांची मिळून एक तिसरीच बोली. "दोन मुलखांचा माल आपल्या दारावरून जाते, पोरी," तुम्ही म्हणायचात, "लहान म्हनू नको या गावाले."

मला गाव लहानच वाटायचं. खरं सांगते, तुरुंग वाटायचा. संध्याकाळी परसात जाऊन मी खाली बघायची. धुक्याखाली कुठेतरी माझं माहेर आहे एवढंच कळायचं, दिसायचं काही नाही.

तुम्ही पटवारी. आणि तुमच्या डोळ्यांत सारा, मोतीबिंदूचा पडदा, वाढत होता, हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं. गावातला दगडन्‌दगड तुमच्या पायांच्या ओळखीचा, चालण्यावरून काय समजणार? मला समजलं, कारण तुम्ही मीठ म्हणून राख घेतलीत ताटात. मी ताट बदललं. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला धूळपाटी दिलीत आणि म्हणालात, "शिक." बस, एवढंच. चुलीपाशी भाकरी थापता थापता मी अक्षरं गिरवली. 'ल' वाकडा आला की बोटाने चाचपून ओळखायचात, आणि म्हणायचात, "हा ल नाई, हे शेळीचं शिंग हाय." सहा महिन्यांत मी कागद वाचून दाखवू लागले, तुम्ही सांगाल ते लिहू लागले. तहसिलीतल्या कारकुनाला वाटायचं, पटवाऱ्याचं अक्षर म्हातारपणी सुधारलं! पहिला कागद लिहिला त्या दिवशी तुम्ही मला स्वतःचा बोरू दिलात, आणि आत्याबाई सासूच्या तोऱ्यात म्हणाल्या, "सुनेले पाटल्या देतात, तुमी काडी देऊन राहिले." किती हसलो होतो तेव्हा.

पुढच्याच उन्हाळ्यात पटकी आली. आठ दिवसांत आत्याबाई गेल्या. मेलेल्यांचा कागद तहसिलीला धाडायचा होता, तो मीच लिहिला. तुम्ही भिंतीला टेकून एकेक घर सांगत होता. नमुना तहसिलीतून आला होता, त्यात पहिला रकाना 'माणसे', आणि खाली 'पैकी बायका'. आपल्या घरावर आलात तेव्हा तुम्ही थांबलात. मग म्हणालात, "माणसे एक. पैकी बायका एक." पुढचं घर सांगितलंत. त्यानंतर त्या कागदाचं नाव तुम्ही कधी काढलं नाही.

मग ते कापसाचं वेड सुरू झालं. साता समुद्रापल्याड कुणाची तरी लढाई जुंपली आणि आपल्या वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. माहेरून निरोप यायचे: भावाने बैलांच्या शिंगांना चांदीची टोपणं केली, वहिनीच्या गळ्यात नवी सरी आली. आपल्या मुरमात कापूस कुठला व्हायला? पण आपल्या खिंडीतून तो जायचा. लमाणांचे तांडे सकाळपासून चढायचे, घुंगरांचा आवाज दिवसभर. तुमचा लेक, माझा नवरा, बैल घेऊन त्यातच गेला, महिना महिना घरी नसायचा. तेवढ्यात खाली आगगाडीचे रूळ पडू लागले. कापूस आता डोंगर चढायचं सोडून रुळाकडे धावणार हे तुम्ही सगळ्यांच्या आधी ओळखलंत. त्यावर उपाय एकच होता. सरकारला रुळापासून डोंगरापलीकडे एक पक्की सडक करायची होती, दोन घाटांपैकी एका घाटातून. एक आपला, एक पश्चिमेकडचा. तहसिलीतून चिठ्ठी आली, मीच वाचली: दोन्ही गावांनी आपापली घरे व माणसे मोजून कळवावी. तुम्ही उठून उभे राहिलात. "ज्याची वस्ती मोठी त्याची सडक," म्हणालात. "अन् वस्ती आपली मोठी हाय. सडक आली त गाव जगलं, नाही त दहा वर्सांत इथं अस्वलं फिरतीन."

चार दिवस तुम्ही दारोदार फिरलात. सकाळी निघायचात, जेवायच्या वेळी परत. घर आणि आकडा सगळं तोंडपाठ. मी चुलीजवळ बसून लिहायची. प्रत्येक दारात तुमचा सवाल एकच, "घरात मानसं किती?" आणि प्रत्येक दारातून बाई जे खरं तेच सांगायची: दोन. एक. तीन. आपल्याकडे माणसं म्हणजे कोण, हे काय कुणाला शिकवावं लागतं? माणसं जेवली की बायका बसतात. माणसं शेतात गेली की बायका पाण्याला निघतात. चिठ्ठी लिहिणारा पुण्याकडचा, त्याला हे काय माहीत? आणि तुम्हालाही वाटलं, सडकेच्या कामाला किती हात मिळतील ते सरकार विचारतं आहे. जकातीच्या नाक्याजवळ ती विधवा बाई राहायची, चार पोरी पदरात असलेली, तोंडाची फटकळ. तिच्या घरापुढे तुम्ही मला शून्य लिहायला सांगितलंत, मी लिहिलं. तोवर माझ्याही डोक्यात काही आलं नव्हतं, देवाशपथ.

चौथ्या दिवशी तुम्ही ढाण्यातून हसत आलात. "त्या म्हाताऱ्या कोरकूले इचारलं, मानसं किती. थो म्हने, कोरकू म्हंजेच मानसं, पटवारी. बाई कोरकू, पोर कोरकू, तान्हं बी कोरकू. अन् सारी मोजून देल्ली ना त्यानं!" ढाण्यात घरं बारा, आणि माणसं पेठेच्या एका अख्ख्या आळीहून जास्त. तुम्ही म्हणालात, "बाया-पोरं काढ त्यातून अन् मंग लिही."

माझा हात थांबला. तेव्हाच डोक्यात लख्ख झालं. मी म्हणाले, "मामाजी, पटकीच्या कागदात त..."

"चूप!" तुम्ही असे ओरडलात की चुलीपाशी बसलेली मांजर पळाली. "तुले लिहायले शिकवलं थे म्या सांगतो थे लिहासाठी. तहसिलीचा कागद तुले माह्याहून जास्त समजते काय? खालून आली अन् आमाले शिकवून राहिली!"

आज समजतं, तुम्ही माझ्यावर नव्हता चिडलात. पटकीचं नाव निघालं म्हणून तो आवाज निघाला. पण मी तेव्हा अठरा वर्षांची. तोवर तुम्ही माझ्याशी चढ्या आवाजात बोलला नव्हता, आणि 'खालून आली' हे तर काळजात घुसलं. डोळ्यांतून पाणी कागदावर पडू नये म्हणून मी मान वळवली, आणि ढाण्यातल्या बाया काढल्या, पोरं काढली. कागद पुरा करून तुमच्या दप्तराच्या बस्त्यात ठेवला. त्याच बस्त्यात, चार कागद खाली, आपल्याकडे राहिलेला तो पटकीचा नमुना होता. मेलेल्या बायकांना माणसांत धरणारा.

सडक पश्चिमेच्या घाटाला गेली. निरोप घेऊन आलेला तहसिलीचा माणूस ओट्यावर बसून म्हणाला, "पटवारीबुवा, तुमच्या गावात माणूसच किती? त्यांच्या निम्मा नाही." आपली पेठ काय लहान होती? ओट्यापुढे गाव गोळा झालं. ती विधवा बाई पुढे आली.

"बुवा, माह्या घरी किती लिवले?"

"तुह्या घरी मानूस कुठं हाय, बाई?"

"अन् मी? अन् माह्या चार पोरी? आमी काय बकऱ्या हावो?"

लोक हसले. तुम्ही हसला नाहीत. मी दाराआडून पाहत होते, तुमचा चेहरा हळूहळू उतरला. तुम्ही तहसिलीच्या माणसाला विचारलंत, त्या गावानं बाया मोजल्या काय? तो म्हणाला, "म्हणजे काय? मोजणारच ना!" मग तुम्ही उठलात, सगळ्यांपुढे हात जोडलेत आणि म्हणालात, "माह्या हातून चुकलं." दुसरा कागद धाडू, असंही तुम्ही म्हणालात, पण सडकेची आखणी सुरू झाली होती, तुमचं कोण ऐकणार?

सगळे गेल्यावर तुम्ही आत आलात, चुलीसमोर बसलात. "सूनबाई," तुम्ही हळूच विचारलंत, "तुह्या ध्यानात आलं नोतं काय?"

मी म्हणाले, "नाही, मामाजी."

"तुले कसं येईन," तुम्ही म्हणालात, "तू त लेकरू." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवलात. मामाजी, तो हात मला आजही सहन होत नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. पहिल्या वर्षी तांडे वळले, मग बाजार मोडला, नाका उठला. पिंजारी खाली गेले, त्यांच्यामागे पेठेतली निम्मी घरं. ती विधवा पोरींना घेऊन ओढ्यापल्याड निमाडात गेली, कुठे ते कळलं नाही. ढाणा तेवढा राहिला, त्यांना सडकेचं काय? शेवटी आपणही निघालो, अकोल्याला. तुम्हाला तोवर काहीच दिसत नव्हतं. सपाटीवर तुम्ही चार पावलं टाकली की ठेचकाळायचात, इथला एकही दगड तुमच्या ओळखीचा नव्हता. वर्षाच्या आतच गेलात. शेवटपर्यंत येईल त्याला सांगत होता, की एका सवालानं म्या गाव बुडवलं.

गाव तुम्ही नाही बुडवलंत. आणि त्यात माझी काही चूक नाही असं इतकी वर्षं मी स्वतःला समजावते, ते सगळं खोटं आहे. म्हणते, तुम्ही ओरडलात म्हणून मी गप्प बसले. म्हणते, सुनेने सासऱ्याला किती सांगावं. पण कागद काही त्याच दिवशी गेला नव्हता. तहसिलीचा शिपाई यायला नऊ दिवस लागले. तुमचा राग दुसऱ्या सकाळीच निवळला होता. गवळ्याकडून खरवस आणून तुम्ही माझ्यापुढे ठेवलात, समजूत काढायला. मीही खाल्ला, हसले. नऊ दिवस बस्ता माझ्या हाताशी होता. तुम्ही ओट्यावर बसून अंधूक डोळ्यांनी सडकेची स्वप्नं सांगत होता, कुठे पूल होईल, कुठे धर्मशाळा. मी ऐकत होते, हो म्हणत होते.

हे पत्र कुठे धाडायचं नाही, धाडायला जागाही नाही, म्हणून एकदा लिहून टाकते. मला गाव जगायला नको होतं, मामाजी. मला खाली यायचं होतं. आपण घाट उतरत होतो तेव्हा माझा हात धरून तुम्ही रडत होता, मी पदराआड तोंड दाबून हसू आवरलं, आणि तो श्वास ऐकून तुम्हाला वाटलं मीही रडते आहे.