उघडी दारं

ती. विश्रामदादास (‘कै.’ लिहायला हात धजत नाही),

लष्करी वर्कशॉपमधला रंग किती विषारी, हे तपासायला मी आलो, तेव्हा तू शेड धुतलीस, सगळी दारं उघडलीस. म्हणालास, “धाकटा साहेब होऊन येतोय, घाण दिसायला नको.” तुझ्याच कॉलरला मी हवा मोजायचं यंत्र लावलं. आकडा असा आला, जणू अकोट्याच्या बागेतली हवा! ओल्या रंगावर धूळ नको म्हणून एरवी दारं बंद असतात, हे मला ठाऊक होतं. तरी ‘सुरक्षित’ लिहिलं. तुझं कौतुक मोडवेना. तोच अहवाल दाखवून वर्कशॉपच्या अधिकाऱ्यांनी रंगाची वाफ बाहेर ओढणारे पंखे नाकारले.

मंदावहिनी सगळ्यांना सांगते, “भाऊजींनी स्वतः तपासलं होतं, म्हणजे हे रंगाने गेले नसतील.”

मी होकारार्थी मान हलवतो.

तुझा साहेब झालेला धाकटा,
नारायण