दुखणं दहापैकी दोन

तीर्थरूप आबांस,

नमस्कार शेवटी करतो, आधी मला सांगा, त्या विम्याच्या बाईला तुम्ही ‘दोन’ कशाला सांगितलंत? गेल्या खेपेला यावरूनच आपलं वाजलं आणि तुम्ही ‘बरं, ठेवतो’ म्हणून फोन ठेवून दिलात. पत्र तसं ठेवता येत नाही. शिवाय तुमच्या बोटांत कागद टिकत नाही, म्हणजे ताईच वाचून दाखवणार आणि तिच्यासमोरून उठून जायची तुमची छाती नाही. (ताई, कंसातलं तुझ्यासाठी. ते मोठ्याने वाचू नकोस.) तब्येत कशी आहे असं विचारत नाही. तुम्ही ‘उत्तम’ म्हणणार, आणि त्या ‘उत्तम’नेच आपला घात केलाय.

डॉक्टरांनी तुमच्या सांध्यांसाठी नवी गोळी लिहून दिली. माझ्या नोकरीच्या विम्यात तुम्हीही येता, म्हणून मी निर्धास्त होतो. पण कंपनीचं म्हणणं, आधी स्वस्तातली गोळी खाऊन बघा, ती हरली तरच महागडी मंजूर करू. ती तुम्ही इमानदारीत खाल्लीत. पित्त वाढलं, बोटं होती तशीच. म्हणजे काम फत्ते! आता कंपनीच्या नर्सबाई फोन करणार, तेव्हा गुण नाही एवढंच सांगायचं होतं. नापास व्हायची परीक्षा होती, आबा. अशा परीक्षा मी सातवीपर्यंत अभ्यास न करता दिल्या. तुम्हाला एक देता आली नाही.

बाईंनी विचारलं, शून्य ते दहात दुखणं किती? तुम्ही दोन. का, तर दहा म्हणणं हावरटासारखं दिसतं. अहो, ती काय पंगतीत वाढायला आली होती? मग विचारलं, शर्टाची बटणं लावता येतात का? तुम्ही म्हणालात, ‘लागतात की.’ लागतात, पण ताई लावते, हे कुणी सांगायचं? आणि तिसऱ्या प्रश्नाला तर पार माती केलीत. ‘कुलपात किल्ली फिरवता येते का?’ हा प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारतात, पण जन्मभर किल्ल्या घासलेल्या माणसाला तो शिवीसारखा लागला. ‘बाई, किल्ली नसली तरी उघडतो,’ म्हणालात. वर त्यांच्या घरचं अडलेलं कपाट कसं उघडायचं तेही शिकवलंत. (ते उघडलं म्हणे.) बाई खूश झाल्या आणि त्यांनी लिहिलं, ‘रुग्ण उत्साही असून स्वतःचा व्यवसाय समर्थपणे करतो.’ हातातून कानस पडते म्हणून गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ सांगून परत पाठवता, ते कुठे गेलं?

पुढचं निस्तरायला मी होतोच. हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या तळघरात फोन करायचा म्हणजे यंत्रांच्या आवाजात बोंबलावं लागतं. त्यामुळे तुमची बोटं आता अख्ख्या पाळीला पाठ आहेत. इस्त्रीवर बसणाऱ्या काकू रोज आल्या आल्या विचारतात, ‘काय म्हणतायत बोटं?’ मुकादम म्हणतो, ‘विमेवाल्याशी लग्न लावलंस का रे?’ तो विमेवाला म्हणजे अगदी मऊ आवाजाचा मनुष्य, पण ‘परंतु’शिवाय त्याचं वाक्य पुरं होत नाही, म्हणून मी त्याला परंतुराव म्हणतो. मी सांगितलं, आमचे वडील दुखणं कमी करून सांगतात. ‘साहेब, तुमची तळमळ समजते, परंतु रुग्ण म्हणेल तेच आम्ही धरतो.’ म्हटलं, मग त्यांच्या वतीने मी आठ म्हणतो. ‘तुम्हाला दुखतंय का?’ म्हटलं, बघून दुखतं हो. ‘तर मग तुमचा वेगळा अर्ज करावा लागेल.’

पूर्वीचा मी असतो तर फोन भिंतीवर आपटून दुसऱ्या गावी नोकरी शोधली असती. आधीच्या तीन अशाच सोडल्या. पण विमा या नोकरीच्या गळ्यात, नोकरी माझ्या गळ्यात, त्यामुळे मी पहिल्यांदाच एका दावणीला उभा आहे.

असो. डॉक्टरांनी पुन्हा लिहून दिलं आणि मंजुरी आली बरं का! एकदाची आली. गोळी रोज जेवल्यावर घ्यायची. अख्खी घ्यायची, पुरवायची म्हणून अर्धी करायची नाही, विम्याची आहे, तुमच्या खिशातून जात नाही. आणि आता विम्याचा फोन आला तर उचलू नका, ताई बोलेल. माझं इकडे सगळं उत्तम. आता नमस्कार.

तुमचा,
धाकटा

ता. क. गोळ्यांच्या बाटलीचं झाकण दाबून फिरवावं लागतं. ते ताईला उघडू द्या. त्याला कुलूप समजून पैज लावू नका.

(ता. क. दुसरा, ताई, हा फक्त तुला. मंजुरी आलेली नाही. त्या बाईंनी आबांना परत फोन केला होता, तू बाजारात गेली असशील. आबा म्हणाले, ‘मुलगा म्हणतो आठ सांगा, तर आठ लिहा.’ परंतुरावाने मला ते वाक्य वाचून दाखवलं आणि अर्ज बंद केला. माझ्या पैशांची गोळी म्हटली तर आबा तोंडात धरणार नाहीत, तेव्हा विम्याची म्हणूनच दे आणि औषधवाल्याला त्यांच्यासमोर किंमत बोलू देऊ नकोस. मी जोडपाळी घेतलीय. ओल्या चादरींच्या गाड्या ओढून कंबर धरलीय, पण दुखतं म्हटलं की जोडपाळी बंद करतात. परवा इथल्या डॉक्टरांनी विचारलं, दहापैकी किती? मी दोन म्हणालो. महिन्याच्या गोळ्यांचे पाठवतोय, नऊ हजार चारशे.)